वायरवरची नावं

खंडेनवमीला चाकणच्या त्या गाळ्यात मी गेले होते ती शिरा खायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी हा किस्सा सांगितला त्यांनी मला अगदी देवाने धाडल्यासारखं रंगवलं. मला कुणी धाडलं नव्हतं. या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे. वर्षभर ज्यांच्याकडे मी करवादत असते, ते सगळे त्या एका दिवशी मला प्रेमाने जेवायला बोलावतात. मीही मागचं विसरून जाते.

खंडेनवमी म्हणजे यंत्रांचा सण. आदल्या दिवशी काम बंद करून मशीन धुऊनपुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, आरती. आणि आरतीनंतर प्रत्येक मशीन थोडं तरी चालवायचं. लेथवर एक सळई फिरवायची, ड्रिलने एक भोक पाडायचं. याला मुहूर्ताचं काम म्हणतात. ते केल्याशिवाय प्रसाद वाटत नाहीत.

या गाळ्यात कॉम्प्युटरलाही मुहूर्ताचं काम असे. ते काम म्हणजे बॅकअप. माझ्या आधी ज्या कुणी महाभागाने तिथला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, बसवला, त्याने दोन डिस्क लावल्या होत्या. एकीवर मशीनचे सगळे प्रोग्राम, दुसरीवर त्यांची हुबेहूब नक्कल. बटण दाबलं की पहिली डिस्क अथपासून इतिपर्यंत दुसरीवर उतरायची. दुसरीवर आधी जे असेल ते पुसलं जायचं. हे बटण रोज दाबायचं असतं, निदान आठवड्याला. इथे ते पाडव्याला आणि खंडेनवमीला दाबत, हळदकुंकू वाहून. मी कितीदा ओरडले असेन. बॅकअप हा सणासुदीला करायचा पदार्थ नाही, असं मी भर गाळ्यात बोलून दाखवलं होतं. मालक हसले होते आणि पेढा पुढे केला होता.

मालक मूळचे बीडकडचे. मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षं मशीनवर उभं राहून मग त्यांनी हा गाळा घेतला. गाळ्यातला एकूण एक प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिलेला. प्रोग्राम म्हणजे ओळींमागून ओळी आकडे: हत्यार कुठून निघेल, धातूत किती उतरेल, कुठे वळेल. एक आकडा चुकला तर हत्यार तरी मोडतं नाही तर जॉब तरी. त्या आषाढात मालक एका नव्या जॉबचा प्रोग्राम लिहीत बसले होते. पंपाचं अवघड कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, होतं, आसपासच्या दोन गाळेवाल्यांनी हात टेकलेलं. त्या कामासाठी त्यांनी नवीन मशीन कर्जाने आणलं होतं. तिथेच कॉम्प्युटरसमोर बसलेले असताना त्यांना झटका आला.

जीव वाचला. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. म्हणजे गेले असंही नाही, भलतेच यायला लागले. पाणी हवं असेल तर ‘चष्मा’ म्हणायचे, बायकोला ‘साहेब’ म्हणायचे. ‘हो’ म्हणाले तर ते ‘नाही’ही असू शकायचं. समोरची वस्तू त्यांना पक्की ठाऊक असायची, फक्त नाव हाताला लागायचं नाही. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, हे फार लवकर शिकल्या. त्या ऐकायच्या नाहीत, त्यांच्या डाव्या हाताकडे बघायच्या. हात पाण्याच्या तांब्याकडे असेल तर पाणी.

गाळा आता वहिनी चालवत होत्या. काम देणाऱ्या कंपनीला त्यांनी सांगितलं होतं की प्रोग्राम तयार आहे, दसरा झाला की पहिला नमुना काढून देतो. झटक्याच्या सकाळी मालक घरून निघताना ‘होत आलंय’ म्हणाले होते, हे त्यांचं शेवटचं धड वाक्य, आणि त्या वाक्यावर वहिनी तीन-चार महिने तगून होत्या. तो नमुना निघाला नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं. नवं मशीन नुसतं उभं राहिलं असतं, आणि उभं मशीन फार दिवस गाळ्यात राहत नाही. ते गेलं की मागोमाग गाळा.

त्या दिवशी मालक झटक्यानंतर पहिल्यांदाच गाळ्यात आले होते. नवा शर्ट, कपाळाला गंध. आळंदीहून आलेल्या गुरुजींनी आरती म्हटली, मशीन एकेक करून फिरली, माणसं टाळ्या वाजवत होती. शेवटी सगळे कॉम्प्युटरच्या टेबलाशी जमले. ते बटण दर वर्षी मालकच दाबत. फोरमनने त्यांची खुर्ची पुढे सरकवली. पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता: मूळ एसडीए, प्रत एसडीबी, पुढे जायचं का. मालकांचा डावा हात एंटरकडे निघाला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं.

मी मागे रिकामा द्रोण हातात घेऊन उभी होते. कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडीच ठेवली होती, आत माळ घालता यावी म्हणून. आत दोन डिस्क, चकचकीत, एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, आणि दोघींच्या छातीवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक. प्रत्येकीला एक वायर. वायरवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या: ‘मूळ’, ‘प्रत’.

चिठ्ठ्या वायरवर होत्या. डिस्कवर एकही नव्हती.

“डिस्क बाहेर काढल्या होत्या का?” मी फोरमनला विचारलं. हा माणूस चाकणजवळच्या गावचा, मालकांबरोबर पहिल्या दिवसापासून.

“काडल्या की,” तो अभिमानाने म्हणाला. “आमी काल बंद केला, सगळं खोललं, हवा मारली, फडक्यानं पुसल्या. आज सकाळच्याला पुन्हा जोडल्या.”

“कुठली कुठल्या वायरला?”

त्याने डब्याकडे बोट दाखवलं. “वायरीवर नाव हाय की, मॅडम.”

तेवढ्यात मालकांचं बोट एंटरवर टेकायला आलं होतं. मी द्रोण टाकला, माणसांतून घुसले आणि त्यांचं मनगट धरलं. भर पूजेत, आजारी माणसाचं. गुरुजी बोलता बोलता थांबले. सगळा गाळा माझ्याकडे बघू लागला.

“दाबू नका,” मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण त्या क्षणी कुणालाच काही कळलं नव्हतं. लिनक्समध्ये डिस्कला जे नाव मिळतं ते तिचं स्वतःचं नसतं. मशीन सुरू झालं की डिस्क जशा सापडतील तशी नावं वाटली जातात. पहिली सापडली ती एसडीए, दुसरी एसडीबी. उद्या वायरी बदलल्या तर नावं बदलली. शाळेत पहिल्या बाकावर जो बसेल तो मॉनिटर, तसला कारभार. बरं, कॉम्प्युटरवरची सगळी साधनं एकच नाव तरी घेतील? तेही नाही. एक साधन तिला एसडीबी म्हणतं, दुसरं डिस्कचा आकार सांगतं आणि गप्प बसतं, तिसरं ‘डेटा’ अशी चिठ्ठी दाखवतं. एखाद्या डब्यात नव्या तऱ्हेची डिस्क असली तर तिचं नाव वेगळ्याच पद्धतीने पाडतात, तिच्या भागांच्या आकड्याआधी एक जादाचं अक्षर घालून. मी पुनावळ्यात राहते. आमची इमारत सातबाऱ्यावर एका नंबराने आहे, वीजबिलावर दुसऱ्या, आणि पार्सलवाल्याला सांगावं लागतं की विहिरीच्या पलीकडे. पण तिथे निदान चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पार्सल परत येतं.

इथे काही परत येणार नव्हतं. डिस्क अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या असतील, तर एसडीए नावाखाली आता पाडव्याची जुनी नक्कल बसली होती आणि एसडीबी नावाखाली मालकांचं ताजं काम. एंटर दाबलं की जुनं नव्यावर उतरलं असतं. आषाढातला तो प्रोग्राम जगात एकाच ठिकाणी होता, आणि तो लिहिणाऱ्याच्याच बोटाने पुसला गेला असता. टाळ्यांच्या गजरात.

“मॅडम, मुहूर्ताचा टाइम चाललाय,” फोरमन दबक्या आवाजात म्हणाला. त्याला माझा राग आला होता. “मालक इतक्या दिसानी आल्यात. त्यांच्या हाताला धरता व्हय तुमी?”

“प्रोग्रामचा फोल्डर उघडा आधी.”

त्याने माउस हिसकल्यासारखा घेतला आणि फोल्डर उघडला. फायलींची लांबलचक रांग दिसली. “हे बगा. सगळं हाय जागच्या जागी.”

“नव्या जॉबचा दाखवा.”

तो शोधू लागला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. “हितंच होता,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “हितंच होता की.”

वहिनींना आता कळलं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मोबाइलवाल्याने मोबाइल खाली केला.

मी म्हणाले, “घाबरू नका, हा जुना आहे. नवं दुसऱ्या डिस्कवर असणार.” हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. कारण दुसरीही शक्यता होती. डिस्कला हवेच्या दाबाने फटका बसला असेल. किंवा प्रोग्राम कधी सेव्हच झाला नसेल, झटका आला तेव्हा कुणीतरी घाईघाईत वीज बंद केली असेल. मी कीबोर्ड ओढला आणि उभ्यानेच दुसरी डिस्क उघडायला लावली, नुसती वाचण्यापुरती, तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशा बेताने.

पडद्यावर उत्तर आलं की डिस्कवरची रचना चुकीची आहे, किंवा तिचा मूळ पायाच खराब आहे.

वहिनींना इंग्रजी वाचता येत होतं. ‘बॅड’ हा शब्द तर कुणालाही वाचता येतो.

“गेलं का ओ?” त्या म्हणाल्या.

मला भीती वाटली, हे लिहायला लाज कसली. मी खाली बसले, मालकांच्या खुर्चीशेजारी, फरशीवर, कीबोर्ड मांडीवर घेऊन. माझ्या कानाशी मालक काहीतरी म्हणत होते. “छत्री, छत्री,” असं. आणि त्यांचा डावा हात डब्याकडे होता. दोन डिस्कपैकी खालच्या डिस्कवर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि ते काढत नव्हते.

“ते ती म्हणायलेत,” वहिनी म्हणाल्या. “खालची.”

मालकांना कशावरून कळलं असेल? दोन्ही डिस्क सारख्या होत्या, मला तरी फरक दिसत नव्हता. कदाचित नुसतंच बोट ठेवलं असेल. पण त्या बोटाने मला एका गोष्टीची आठवण करून दिली: मी नावांवर विश्वास ठेवू नका म्हणून सगळ्यांवर ओरडत होते आणि स्वतः मात्र एका धमकीच्या वाक्यावर विश्वास ठेवून हातपाय गाळून बसले होते. मी यंत्राची आतली नोंद उघडली, जिथे ते खरं कारण पुटपुटतं. तिथे वेगळंच लिहिलं होतं. डिस्क खराब नव्हती. तिची ओळख आधीच उघडलेल्या डिस्कशी जुळत होती, म्हणून यंत्र तिला आत घेत नव्हतं.

साहजिकच होतं. एक दुसरीची हुबेहूब नक्कल, त्यामुळे डिस्कच्या आत कोरलेला ओळख क्रमांकही नकलेत उतरला होता. एकच आधार नंबर घेऊन दोन माणसं रेशनच्या दुकानात उभी राहिली तर दुकानदार काय करील? पहिल्याला देईल, दुसऱ्याला हाकलील. आणि हाकलताना खरं कारण न सांगता वाट्टेल ते बोलेल.

मी पहिली डिस्क बंद केली. मग दुसरी उघडली.

या वेळी यंत्र काहीच बोललं नाही. लिनक्स गप्प राहिलं म्हणजे काम झालं. फोल्डरची रांग पुन्हा दिसली, आता थोडी लांब, आणि सगळ्यात खाली नव्या जॉबचं नाव होतं. फोरमनने मोठ्याने श्वास सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खालच्याच डिस्कला ‘प्रत’ लिहिलेली वायर जोडलेली होती.

“अंगारा लावा हिला,” कुणीतरी म्हणालं. माणसं हसली, जरा जास्तच हसली.

पण माझं काम संपलं नव्हतं. नक्कल आता उलट्या दिशेने काढायची होती, आणि ती मी ए-बीच्या भरवशावर काढणार नव्हते. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक डिस्कवर तिचा स्वतःचा नंबर छापलेला असतो. वायर बदला, मशीन बदला, तो बदलत नाही. पडद्यावर मला दोघींचे नंबर दिसत होते, ते मी कागदावर उतरवून घेतले. ते डिस्कवरच्या छापील नंबरांशी ताडून पाहायचे होते, आणि छापील नंबरांवर बरोबर स्वस्तिक काढलेलं होतं.

“हे पुसावं लागेल,” मी म्हणाले.

कुणी पुढे होईना. फोरमनने गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी समईकडे. नुकतीच पूजा झालेलं कुंकू पुसायचं, तेही ज्या घरात माणूस मरणाच्या दारातून परत आलाय तिथे. माझी हिंमत होईना. वहिनींनी मशीन बंद करायला लावलं, वाकल्या, आणि पदराने ते स्वस्तिक पुसून काढलं. आधी एक, मग दुसरं. पदर लाल झाला.

“वाचा आता,” त्या म्हणाल्या.

मी नंबर वाचले, ताडले, पुन्हा एकदा वाचले. मग खालच्या डिस्कवर, थेट तिच्या अंगावर, मार्करने ‘मूळ’ लिहिलं. वायरीवरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या आणि जोर लावून चुरगाळल्या, माझा तेवढाच राग निघाला. मशीन पुन्हा सुरू करून आज्ञा नव्याने टाइप केली. या वेळी तिच्यात ए नव्हता आणि बी नव्हता, दोन लांबलचक नंबर होते. फोरमनने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी हातातल्या कागदावर बोट ठेवत गेले. मग मी उठून बाजूला झाले आणि मालकांना म्हणाले, “आता दाबा.”

त्यांनी दाबलं. टाळ्या झाल्या, पण मघासारख्या नाहीत. दमलेल्या. नक्कल पुरी होईपर्यंत पंगत बसली. मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. माझं लक्ष पडद्यावरच्या सरकत्या आकड्याकडे होतं. मालक जेवायला उठलेच नाहीत. वहिनींनी घास भरवला तर त्यांनी मान फिरवली. त्यांचेही डोळे तिथेच होते.

नक्कल झाली. दोन्हीकडे प्रोग्राम आला. आता मूळ डिस्क लिहिण्यासाठी उघडली तरी धोका नव्हता. फोरमनला राहवेना, त्याने नव्या जॉबची फाइल उघडली आणि ओळी वाचत खाली खाली जाऊ लागला. पहिली बाजू, हत्यारं, भोकं, गोलाई. तो मान डोलावत होता. मग दुसरी बाजू सुरू झाली. थोड्या ओळी गेल्या आणि त्याची मान थांबली.

एक ओळ अर्धीच होती. पुढे काही नव्हतं. प्रोग्राम संपला की शेवटी एक ठरलेली खूण लिहितात, तीही नव्हती.

‘होत आलंय’ म्हणाले होते. झालंय म्हणाले नव्हते.

फोरमन हळूच माझ्याकडे वळला. वहिनींनी त्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना विचारावं लागलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांना खाली बसताना पाहिलं, एका उलट्या क्रेटवर. इतकं वाचवून वाचवून आम्ही अर्धवट वाचवलं होतं. दुसरा कुणी पुरं करील, बाहेरून माणूस बोलवू, असलं काहीबाही माझ्या जिभेवर आलं, पण हात टेकलेल्या त्या दोघांची मला आठवण होती, म्हणून मी ते गिळलं.

तेव्हा मालकांनी कीबोर्ड ओढला. डाव्या हाताने, टेबलाच्या कडेपर्यंत, माझा पाण्याचा पेला सांडवत. त्या अर्ध्या ओळीच्या टोकाला ते बराच वेळ बघत राहिले. मग एक बोट वर उचललं आणि एक अक्षर दाबलं. थांबले. एक आकडा. तो खोडला. दुसरा लिहिला. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळत होतं आणि वहिनी क्रेटवरून उठल्या होत्या, पण कुणीही त्यांना हात लावला नाही. ती ओळ पुरी व्हायला मघाच्या आरतीपेक्षा जास्त वेळ लागला.

फोरमन वाकला. त्याने जॉबचा नकाशा उघडून मापं पाहिली, ओठांत पुटपुटत हिशोब केला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“बराबर हाय,” तो म्हणाला.

मालकांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वहिनींकडे वळून, फार खूश होऊन, अगदी स्पष्ट म्हणाले, “बाजरी.”

“व्हय मालक,” फोरमन म्हणाला, “बाजरीच,” आणि नकाशा धरून पुढच्या ओळीसाठी उभा राहिला.